मिसिंगची फाईल हीच खुनाची पहिली फाईल

‘चोवीस तास वाट पाहा, येईल पोट्टं घरी’ हे वाक्य कुठल्याही कायद्यात नाही. कधीच नव्हतं. तरी ते डोक्यात इतकं घट्ट बसलंय की कित्येक आईबाप ठाण्यात जायच्या आधी स्वतःहूनच एक रात्र काढतात.

१० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हा विषय मिटवला. अठरा वर्षांखालचं मूल बेपत्ता असल्याची तक्रार आली की गुन्हाच नोंदवायचा, आणि उलट काही दिसेपर्यंत अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असंच गृहीत धरून तपास करायचा. आज त्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १३७(२) लागतं, जुन्या दंड संहितेतलं ३६३. हद्द कोणाची हा प्रश्न फिर्याद घेताना येतच नाही; नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठलंही ठाणं शून्य क्रमांकाने गुन्हा घेऊन पुढे पाठवतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते. मागून घ्या.

हे सगळं लिहायचं कारण वेगळं आहे. मूल मारलं गेल्याचं निष्पन्न झालं की सगळं खातं जागं होतं. क्राइम ब्रांच येते, डॉग स्क्वॉड येतं, फॉरेन्सिकची व्हॅन येते. पण तो खून कोर्टात टिकणार की नाही हे बहुतेक वेळा त्याआधीच ठरलेलं असतं, मूल फक्त ‘मिसिंग’ होतं तेव्हा. त्या दिवसांत जे गोळा केलं नाही ते नंतर कुठूनच मिळत नाही. म्हणून माझं मत असं की प्रत्येक मिसिंग पहिल्या तासापासून खुनाच्या शिस्तीने हाताळावी. मूल संध्याकाळी मामाकडे सापडलं तर बरंच झालं, चार कागद वाया गेले.

शोध घरातून सुरू होतो. लोकांना याचा राग येतो, पण लहान मूल लपताना किंवा खेळताना अडकतं ते दिवाणात, पेटीत, टाकीत, पडक्या विहिरीत, बंद गाडीत. जून २०२३ मध्ये नागपूरच्या पाचपावली भागात बेपत्ता झालेली तीन लहान मुलं घरापासून हाकेच्या अंतरावर उभ्या असलेल्या बंद गाडीत मृतावस्थेत सापडली. नागपूरच्या उन्हात काचा लावलेली गाडी म्हणजे भट्टी. आधी प्रत्येक गाडीचं दार आणि डिक्की, मग गल्ली, मग नाले, मग स्टेशन. आणि स्टेशनला उशीर परवडत नाही. दिल्ली–चेन्नई आणि हावडा–मुंबई हे दोन्ही मार्ग नागपुरात एकमेकांना छेदतात, म्हणजे मूल रात्रीतून चार दिशांपैकी कुठेही गेलेलं असू शकतं. रेल्वे सुरक्षा दल, लोहमार्ग पोलीस आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन यांना फोटो पहिल्या तासात जायला हवा, दुसऱ्या दिवशीच्या टपालाने नाही.

फिर्यादीत कपड्यांचा रंग लिहितात, चपलेचा नंबर लिहीत नाहीत. शर्टाच्या कॉलरवर शिंप्याचं लेबल होतं का, बनियनची कंपनी कोणती, कोणता दुधाचा दात पडलाय, हाड कधी मोडलं होतं का, एक्स-रे घरात आहे का, हे सगळं पहिल्या दिवशी विचारायचं असतं. आईला तेव्हा सगळं आठवतं. मृतदेह दाखवल्यानंतर तिला विचारलं तर बचावाचा वकील म्हणणार, पाहून सांगितलं. मुलाचा टूथब्रश, कंगवा, न धुतलेला शर्ट ताब्यात घेऊन प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पाकिटात ठेवायची. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. पंचनाम्यासह हे अर्ध्या तासाचं काम आहे.

यादी कोणाची करायची, हेही इथेच ठरतं. अनोळखी टोळीचा शोध सगळ्यांना आवडतो, पण मूल आरडाओरडा न करता गेलं असेल तर नेणारा ओळखीचा असण्याची शक्यता आधी तपासायची. नागपूरला २०१४ चा सप्टेंबर आठवत असेल. पळवून मारला गेलेला आठ वर्षांचा मुलगा ज्याच्याबरोबर निमूट गेला, तो वडिलांकडे आधी कामाला असलेला माणूस होता, मनात जुना राग धरून बसलेला. काढून टाकलेले नोकर, ड्रायव्हर, भाडेकरू, उधारीवरून बिनसलेले लोक, आणि हो, नातेवाईकही. ही यादी घरच्यांकडून पहिल्याच रात्री लिहून घ्यायची, आणि नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून. एकत्र बसले की एकमेकांच्या तोंडाकडे बघून नावं गाळतात.

आता सीसीटीव्ही. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो.

दुकानांच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. हार्ड डिस्क लहान आणि कॅमेरे आठ असतील तर आठवडाभरही टिकत नाही. म्हणून पहिल्या दिवशी फुटेज ‘बघायचं’ नसतं, ‘उचलायचं’ असतं. दुसरी गोष्ट घड्याळ. खासगी डीव्हीआरची वेळ क्वचितच बरोबर असते. समजा, इतवारीत पहिला कॅमेरा ६ मिनिटं मागे आहे आणि तीनशे मीटरवरचा दुसरा ९ मिनिटं पुढे. मुलाला चालायला लागली ४ मिनिटं, पण पडद्यावर दिसतील १९. मग ठाण्याचं डीबी (गुन्हे शोध) पथक मधल्या पंधरा मिनिटांत मूल कोणाच्या घरी थांबलं ते शोधत बसतं. उलट असेल तर मूल पहिल्या कॅमेऱ्याच्या आधीच दुसऱ्यात दिसतं, आणि ‘हा तो पोरगा नाही’ म्हणून खरं फुटेज बाजूला पडतं. उपाय साधा आहे: नेटवर्कची वेळ दाखवणारा मोबाईल मॉनिटरशेजारी धरून दोन्हींचा एक फोटो काढायचा आणि फरक पंचनाम्यात मिनिट-सेकंदासह लिहायचा.

तिसरी गोष्ट म्हणजे मॉनिटरवर फुटेज चालवून मोबाईलने त्याचं शूटिंग करणे. ग्रुपवर टाकायला ठीक, पण पुरावा म्हणून त्याची किंमत जवळजवळ शून्य. मूळ फाईल तिच्याच फॉरमॅटमध्ये घ्यायची, हॅश (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा) काढायचा आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडायचं. त्याचे दोन भाग असतात, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब च्या काळातच, जुलै २०२० मध्ये, जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या खोतकर निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र सक्तीचं असल्याचं पुन्हा बजावलं. तरी दुकानदाराची सही राहून जाते, आणि खटला उभा राहतो तेव्हा दुकान तिसऱ्याच माणसाच्या नावावर असतं.

मोबाईल टॉवरबद्दल टीव्हीमुळे भलत्याच कल्पना आहेत. सीडीआर, म्हणजे कंपनीकडची कॉलची नोंद, घर दाखवत नाही, टॉवर आणि त्याची दिशा दाखवतो. गांधीबागेसारख्या दाट वस्तीत एका टॉवरवर हजारो नंबर असतात. टॉवर डम्पची, म्हणजे एका टॉवरवर ठराविक वेळी असलेल्या सगळ्या नंबरांच्या यादीची, खरी ताकद तुलनेत आहे: मूल शेवटचं दिसलं ती जागा, खंडणीचा फोन आला ती जागा आणि मृतदेह सापडला ती जागा, तिन्हींकडे त्या-त्या वेळी असलेला समान नंबर. त्यातही दूधवाला, ओला-उबरवाला निघतो, म्हणून समान नंबर म्हणजे आरोपी नव्हे, विचारपूस कोणापासून सुरू करायची त्याचा क्रम. सीडीआर कंपन्यांना दोन वर्षं ठेवावा लागतो, फुटेजला तशी मुदत नाही. दोन माणसं असतील तर दोघंही आधी कॅमेऱ्यांवर लावा.

मृतदेह सापडल्यावरचं काम कठीण आहे, आणि इथे हवामान तपासाच्या विरोधात असतं. मे महिन्यात ४५ अंशांत मृतदेह इतक्या लवकर कुजतो की थंड प्रदेशातली पुस्तकं वाचून मृत्यूची वेळ काढली तर ती चुकते. अशा वेळी अळ्या उपयोगी पडतात, पण त्या झटकून टाकल्या जातात. काही अळ्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवायच्या, काही जिवंत ठेवून तज्ज्ञाकडे पाठवायच्या, आणि त्या जागेचं तापमान लिहायचं. तापमानाशिवाय अळीच्या वयाला अर्थ नाही. गळ्याभोवती दोरी असेल तर गाठ सोडायची नाही, गाठीपासून दूर कापायची. हातांना कागदी पिशव्या बांधायच्या, नखांत काही असेल तर ते मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतल्या शवविच्छेदनाच्या टेबलापर्यंत टिकतं. ओले कपडे सावलीत वाळवून मगच सीलबंद करायचे.

फक्त हाडं मिळाली तर एक गोष्ट लक्षात ठेवावी: लहान मुलाच्या हाडांवरून मुलगा की मुलगी हे खात्रीने सांगता येत नाही, कमरेच्या हाडातला फरक वयात आल्यावर उमटतो. वय मात्र दातांवरून बऱ्यापैकी कळतं. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी येते, दुसरी बाराव्या. ओळख पटवायला मांडीचं हाड किंवा शाबूत दाढ, आणि तुलनेला दोन्ही पालकांचं रक्त. हाड फॉर्मलिनमध्ये घातलं की डीएनए गेलाच म्हणून समजा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी सांगितलं की डीएनएचा नमुना ४८ तासांच्या आत प्रयोगशाळेकडे गेला पाहिजे आणि तो कोणाकोणाच्या हातातून गेला याची नोंद हवी. आपली प्रादेशिक प्रयोगशाळा शहरातच आहे. तरीही नमुना मुद्देमाल खोलीत पडून राहिला, तर दोष अंतराला देता येणार नाही.

‘आरोपीने जागा दाखवली’ ही बातमी वाचून लोक निश्चिंत होतात. इथेच निठारी आठवावी. नोएडाच्या त्या वस्तीतले गरीब आईबाप मुलं हरवल्याच्या तक्रारी घेऊन २००५ पासून फिरत होते, त्यांना हुसकावलं गेलं. डिसेंबर २००६ मध्ये तिथल्या एका बंगल्यामागच्या नाल्यातून सांगाडे निघाले. पुढे फाशीच्या शिक्षाही झाल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या: ६० दिवसांच्या कोठडीनंतरचा कबुलीजबाब, नीट सिद्ध न झालेली जप्ती. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये उरलेल्या शेवटच्या प्रकरणातूनही आरोपी सुटला. उघडा नाला, जिथे कोणीही जाऊ शकतं आणि जिथलं लोकांना आधीच ठाऊक झालंय, तिथून काही काढलं तर ते ‘आरोपीच्या सांगण्यावरून’ निघालं हे सिद्ध करणं महाकठीण. आरोपीचे शब्द त्याच्याच भाषेत, आधी, दोन पंचांसमोर, आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे चित्रीकरणासह. पंच ठाण्याच्या चहाच्या टपरीवरचे नेहमीचे नकोत. उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच असतो: याआधी किती पंचनाम्यांवर सही केली?

दुसरं उदाहरण आपल्या राज्यातलं. अंजना गावित आणि तिच्या दोन मुलींनी १९९० ते १९९६ या काळात तेरा मुलं पळवली, त्यांतल्या काहींचे खून केले. मुलं वेगवेगळ्या जिल्ह्यांतून, गर्दीच्या ठिकाणांहून गेली. प्रत्येक ठाण्याकडे एकच हरवलेलं मूल होतं, मालिका कोणाच्याच रजिस्टरमध्ये नव्हती. शेवटी धागा सापडला तो कुटुंबातल्याच एका मुलीच्या अपहरणावरून. दोन्ही बहिणींना फाशीची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली, आणि दयेच्या अर्जावरच्या दिरंगाईमुळे जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली.

नागपुरात हीच फट अजून आहे. शहर आयुक्तालय वेगळं, ग्रामीण पोलीस वेगळे, लोहमार्ग पोलीस तिसरे, आणि तासा-दीड तासावर मध्य प्रदेशची हद्द. मूल शहरातून जातं, मृतदेह सावनेरकडे, कन्हानच्या पात्रात किंवा पलीकडे शिवनी जिल्ह्यात निघतो आणि ‘अनोळखी, मर्ग दाखल’ म्हणून, म्हणजे अकस्मात मृत्यू म्हणून, नोंदला जातो. पोर्टल आहेत, पण पोर्टलवर मर्गमधल्या मुलाचं वय ‘अंदाजे १० ते १५’ आणि वर्णन ‘अंगात निळा शर्ट’ एवढंच असेल तर संगणक काय जुळवणार? मर्गचं आणि मिसिंगचं रजिस्टर दर आठवड्याला एका माणसाने शेजारी ठेवून वाचावं, चारही बाजूंच्या ठाण्यांचं. यंत्रणा नको, बजेट नको, एक चिकट हवालदार हवा. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर प्रकरण मानवी तस्करी विरोधी पथकाकडे जातं, पण तोवर नव्या अधिकाऱ्याला जुळवायला फाईलमध्ये काही असायला हवं ना.

व्हॉट्सॲप ग्रुपवाल्यांसाठी थोडं. ‘मुलं पळवणारी टोळी फिरतेय’ हे फॉरवर्ड करण्याआधी धुळ्याचं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, भिक्षा मागणारे पाच निरपराध लोक जमावाने ठेचून मारले. मुलाचा फोटो पसरवायचा तर ठाण्याचं नाव, गुन्हा क्रमांक आणि तारीख टाकून, आणि घरच्यांचा नंबर न टाकता. तो नंबर खोट्या खंडणीवाल्यांच्या हाती पडतो आणि तपास दोन दिवस भलतीकडे जातो. मूल सापडलं, जिवंत किंवा मृत, की फोटो काढून टाका. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, मूल गेलेलं असलं तरी.

पालकांना तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवणं आता कायद्याने बंधनकारक आहे. ते लेखी मागा, तोंडी ‘चालू आहे’वर उठू नका. आणि फिर्याद देऊन घरी आलात की मुलाचा टूथब्रश कागदी पाकिटात घालून, पाकिटावर तारीख टाकून, कपाटात वेगळा ठेवा. कोणी मागितला नसेल तरी.