हत्तीला खाऊ घालण्याची योग्य पद्धत

बांधलेला हत्ती दिसला की आधी खिशात हात घाला. पाव, केक, क्रीमची बिस्किटं, जे हाताला लागेल ते. परवाच एक गृहस्थ अख्खा पुडा एकेक करून सोंडेत सरकवत होते. 'नका देऊ' म्हटलं तर म्हणाले, 'एवढ्या मोठ्या जनावराला चार बिस्किटांनी काय होतंय?' वर मलाच, 'तुम्ही डॉक्टर आहात का?' अशा प्राणिप्रेमींसाठीच हे मार्गदर्शन.

गवत देऊ नका, फोटोत शोभत नाही.

पोटाची चिंता तर अजिबात नको. गाईम्हशींसारखे चार कप्पे हत्तीला नाहीत, जठर एकच. चाऱ्यातला चोथा फोडतात ते मागच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू, आणि एवढं करूनही खाल्लेल्यातलं निम्मंसुद्धा अंगी लागत नाही. म्हणून रानातला हत्ती दिवसाचे 16-16 तास गवत, पानं, साली, मुळं ओरबाडत फिरतो. तुम्ही मात्र त्याच जिवाणूंवर मैदा आणि साखर ओता. नको ते जिवाणू माजतील, आम्ल वाढेल, पोट फुगेल, कळा येतील. हत्ती आडवा पडेल, उठेल, पुन्हा पडेल, आणि तोवर तुम्ही घरी पोचून फोटो टाकलेला असेल.

पिल्लू असेल तर आणखी सोपं. पिल्लू आईची लीद खातं, त्यातून हे जिवाणू त्याच्या पोटात जातात. शी! लगेच आईपासून तोडा, धुतलेल्या फरशीवर बांधा, बाटलीनं दूध पाजा. जुलाब झाले की उठसूट अँटिबायोटिक द्या, म्हणजे उरलेसुरले जिवाणूही गेले.

चालायला सोडू नका. वजन वाढू द्या, तळपाय सडू द्या.

डोलायला लागला की मुलांना सांगा, 'बघ, कसा नाचतोय!'

नाचत नाहीये तो! एका जागी जखडून ठेवलेलं जनावर असंच डोलतं, तासन्‌तास. सोंड पुढे करतो ते तुमच्यावरच्या प्रेमानं नाही, दुसरं काही करायला ठेवलेलंच नाही म्हणून. एवढी माया असेल तर सांभाळणाऱ्यांना विचारा ना: दिवसाला चारा किती, किती प्रकारचा, फांद्या देता का, साखळी कधी सोडता? तिथे कशी वाचा बसते? ते चिडले तर चिडू देत. पुन्हा विचारा.