गुळवेल औषध आहे ना, मग औषधासारखीच घ्या की!

सकाळी फिरायला जाणाऱ्या सोलापूरकरांना हे नवीन नाही. मैदानाच्या गेटाबाहेर टेबल मांडलेलं, त्यावर स्टीलचे डबे, कारलं, दुधी, आवळा, गव्हांकुर, गुळवेल. शुगरवाला येतो, थायरॉइडवाली येते, गुडघेदुखीवाला येतो, सगळ्यांना तोच ग्लास. कुणी शंका काढलीच तर उत्तर ठरलेलं, "घ्या की ओ बिनधास्त, आयुर्वेदिक हाय, काय होत नाही."

माझा आक्षेप गुळवेलीवर नाही, ह्या "काय होत नाही"वर आहे. (त्या दुधीच्या रसाचंही सांगून टाकतो. कडू लागलेला दुधी फेकून द्यायचा असतो, त्याने उलट्या-जुलाब होऊन माणसं दवाखान्यात गेलेली आहेत. आता त्यात कारलं आणि गुळवेल मिसळल्यावर दुधी कडू होता का नव्हता, हे जिभेला कळणार कसं?)

गुळवेल मी लहानपणापासून बघतोय. कडुनिंबावर चढलेली, दोऱ्यांसारखी मुळं खाली सोडलेली, पत्त्यातल्या बदामासारख्या पानांची. अंगठ्याएवढं खोड घ्यायचं, वरची कागदासारखी साल नखाने काढायची, की आत हिरवंगार. ठेचून रात्रभर पाण्यात टाकायचं. कडू म्हणजे असं कडू की नंतर गूळ खाल्ला तरी घशातून जात नाही. ताप, प्रमेह (मधुमेहासारखे लघवीचे विकार), वातरक्त (सांधे सुजून दुखण्याचा आजार), कावीळ अशा दुखण्यांवर आयुर्वेदाने ती सांगितली आहे. चरकसंहितेत ती रसायनांमध्ये, म्हणजे शरीराला बळ देणाऱ्या औषधांमध्ये येते. आणि हे सगळं नुसतं पोथीतलंच आहे असंही नाही. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर पुष्कळ काम केलं. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या रुग्णांना ऑपरेशनआधी गुळवेल दिली, तर जंतुसंसर्ग कमी झाला, असं त्यांनी 1993 साली मांडलं. 2005 साली ॲलर्जीच्या सर्दीच्या 75 रुग्णांवरचा आठ आठवड्यांचा अभ्यास छापून आला, त्यातही शिंका आणि नाक गळणं कमी झालेलं दिसलं. अभ्यास लहान आहेत, पण दुर्लक्ष करावं असे नाहीत.

आता दुसरी बाजू. मुंबईतल्याच दुसऱ्या काही डॉक्टरांनी 2021 मध्ये सहा रुग्णांची माहिती छापली. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेली माणसं, आणि लिव्हरला इजा. पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांनी मिळून असे 43 रुग्ण नोंदवले. यातल्या बऱ्याच जणांच्या शरीरात स्वतःच्याच लिव्हरवर हल्ला करणारी प्रतिकारशक्ती जागी झाल्याच्या खुणा होत्या. जी वेल "इम्युनिटी वाढवते" म्हणून आपण पितो, ती आधीच बिथरलेल्या इम्युनिटीलाही डिवचू शकते, यात मला तरी फार नवल वाटत नाही. लाखो लोकांनी प्यायली, त्यातल्या थोड्यांनाच हा त्रास झाला, हेही खरं. पण ते थोडे आपल्याच घरातले निघाले तर?

आयुष मंत्रालयाने तेव्हा सांगितलं की गुळवेल सुरक्षित आहे आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात, टिनोस्पोरा क्रिस्पा, गल्लत होऊन वापरली जाऊ शकते. त्या जातीच्या खोडावर गाठीगाठी असतात आणि चीक दुधाळ निघतो. मुद्दा चुकीचा नाही. पण मग टेबलावरच्या डब्यात कुठली वेल ठेचली आहे, हे कोण बघतंय?

मला सगळ्यात जास्त खटकतं ते दिवसांचं गणित. 2020 मध्ये सरकारने कोविडसाठी जो आयुर्वेदाचा प्रोटोकॉल काढला, त्यात गुळवेलीची घनवटी (काढा आटवून केलेली गोळी) 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 15 दिवस किंवा एक महिना, असं लिहिलं होतं. डोस होता, मुदत होती. लोकांनी त्यातलं फक्त नाव उचललं. मी मेडिकलच्या काउंटरवर बसतो, त्यामुळे हे रोज बघतो. एक मावशी थायरॉइडच्या गोळीबरोबर घनवटीची बाटली न चुकता नेतात. विचारलं, "मावशी, ही कधीपासून चालू आहे?"

"लॉकडाउनपासून की रे दादा."

"डॉक्टरांना सांगितलंय का?"

"त्यांना कशाला? ही काय गोळी हाय व्हय?"

हेच. डॉक्टर विचारतात "कुठली औषधं चालू आहेत?", आणि आपण काढा, चूर्ण, घनवटी यातलं एकही नाव घेत नाही. ॲलोपॅथीवाले ऐकून हसतील ही भीती, आणि काही जण हसतातही, तेही चूकच. पण शुगरच्या गोळ्या चालू असताना गुळवेल घेतली तर साखर जास्त उतरू शकते. त्यात श्रावणी सोमवारचा उपास असेल तर चक्कर येऊन पडायला वेळ लागत नाही.

एका वैद्यांशी बोललो तर ते माझ्याहून जास्त चिडलेले. म्हणाले, प्रकृती बघायची नाही, मात्रा ठरवायची नाही, वर्षानुवर्षं तेच प्यायचं, याला आयुर्वेद कोण म्हणतं? चुकीच्या पद्धतीने दिलेलं औषध विषासारखं काम करतं, हे चरकानेच सांगून ठेवलंय.

तेव्हा ज्यांना आमवात (ऱ्हुमॅटॉइड संधिवात), ल्युपस, सोरायसिस, थायरॉइडचा ऑटोइम्यून आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचं दुखणं आहे, लिव्हरचा जुना त्रास आहे, किडनी बदललेली आहे किंवा पोटात बाळ आहे, त्यांनी स्वतःच्या मनाने गुळवेल घेऊ नये. बाकीच्यांनी वैद्यांना विचारून, ठरलेल्या दिवसांपुरती घ्यावी. घेत असताना भूक मेली, अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी बंद करा आणि एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करून घ्या. डॉक्टरकडे जाताना बाटली सोबत न्या, आणि घरी ठेचलेली असेल तर खोडाचा तुकडा न्या.