काळी फुली आणि तुळशीची माळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मायनर थ्रेट या वॉशिंग्टन डी.सी.च्या हार्डकोर पंक (म्हणजे अतिवेगवान, कर्कश रॉक) बँडवरच्या लेखाखाली तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, तर उत्तरही ऐसपैस द्यायला हवं. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की तीन वर्षंही न टिकलेल्या आणि उणीपुरी २६ गाणी केलेल्या बँडचं एवढं कौतुक कशाला? दारू-सिगारेटला हात न लावण्यात नवल ते काय, आपले वारकरी गळ्यात माळ घालून पिढ्यानपिढ्या तेच करत आलेत. त्यातून ही सगळी खात्यापित्या घरची गोरी पोरं, त्यांना बंड परवडत होतं. त्यांच्या 'गिल्टी ऑफ बीइंग व्हाइट' या गाण्याची मी एका ओळीत बोळवण केली. पुढे लोकांच्या हातातले ग्लास उडवणारी टोळकी निघाली ती यांच्याच उपदेशातून. आणि एवढं करून शेवटी टी-शर्टच विकले ना?

माळेचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सगळ्यात धारदार आहे.

माळ माणूस आपण होऊन घालतो, कुणा महाराजांच्या हातून, विठोबाला साक्षी ठेवून. स्ट्रेट एजवाल्यांच्या, म्हणजे दारू-सिगारेटपासून लांब राहणाऱ्या पंक पोरांच्या, हातावरची काळी फुली सुरुवातीला दारावरच्या माणसाने काढलेली होती. मायनर थ्रेटच्या आधी त्याचा गायक इयन मकाय आणि ड्रमवाला जेफ नेल्सन टीन आयडल्स नावाच्या बँडमध्ये होते. १९८० च्या उन्हाळ्यात ही शाळकरी-कॉलेजवयीन मंडळी वॉशिंग्टनहून बसने थेट कॅलिफोर्नियाला गेली. सॅन फ्रान्सिस्कोत मबुहाय गार्डन्स या क्लबात पोचल्यावर क्लबवाल्यांच्या लक्षात आलं, की ज्यांना स्टेजवर चढवायचंय ते सगळेच्या सगळे दारू पिण्याच्या कायदेशीर वयाखालचे आहेत. आत घ्यावं तर पंचाईत, बाहेर ठेवावं तर कार्यक्रम कोण करणार? मग तोड निघाली. प्रत्येकाच्या हातावर मार्करने ठसठशीत काळी फुली मारली, म्हणजे बारवरच्या माणसाला लांबूनच कळावं की याला काही द्यायचं नाही. परत आल्यावर पोरांनी हाच तोडगा आपल्या गावातल्या क्लबांपुढे मांडला. आमच्या हातांवर फुल्या मारा, आम्ही प्यायला मागत नाही, पण गाणं ऐकायला आत सोडा.

यात वैराग्य कुठे दिसतं तुम्हाला? हा सरळ व्यवहार आहे. अमेरिकेत रॉकचे कार्यक्रम बारमध्ये होतात, बारचा धंदा दारूवर चालतो, आणि ज्याला दारू विकता येत नाही तो पोरगा मालकाच्या लेखी नुसती अडवलेली जागा. या संगीताची सगळ्यात जास्त भूक मात्र पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनाच असते. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा बिअर आणि वाइनसाठी १८ आणि कडक दारूसाठी २१ असं वय होतं. आपल्याकडे बिअरला २१ आणि हार्ड लिकरला २५. पुण्या-मुंबईतल्या पबमध्ये आज एखादा चांगला बँड वाजतो तेव्हा ज्यांनी तो ऐकायला हवा ती अकरावी-बारावीची पोरं कुठे असतात, हे तुम्हीच सांगा. कधीकाळी धोबीतलावला रंगभवन होतं. उघड्यावरचं, बार नाही, तिकीट काढलं की कुणीही आत. शांतता क्षेत्राच्या नियमाने तिथले कार्यक्रम बंद झाले आणि एका पिढीचं ऐकण्याचं ठिकाण गेलं. म्हणून त्या फुलीचा अर्थ मला पावित्र्यापेक्षा प्रवेशाचा वाटतो. आतापर्यंत जो बाहेर होता तो आत आला. माझ्या लेखाचा रोख तोच होता आणि अजूनही आहे.

मकाय पीत नव्हता हे खरं, आणि त्याला कारण होतं. १९७४ मध्ये वडिलांच्या कामानिमित्त घरचे काही महिने कॅलिफोर्नियात राहिले. परतला तेव्हा वॉशिंग्टनमधले त्याचे मित्र दारू आणि गांज्याला लागलेले. पोरवयात ते मनात बसलं. त्याचंच पुढे पाऊण मिनिटाचं गाणं झालं, 'स्ट्रेट एज', आणि त्याच्या नावाने नंतर चळवळ निघाली. गाणं ऐकलंत तर दिसेल, त्यात 'मलाही बाकी सगळ्यांसारखंच जगायचंय, फक्त मला माझी कामं आहेत' एवढाच भाव आहे. गंमत म्हणजे मायनर थ्रेटमधले चौघे काही सारखे कडक नव्हते. व्रतच असतं तर बँड पहिल्या वर्षीच मोडला असता.

आता उपदेशाबद्दल. 'आउट ऑफ स्टेप' या १९८१ च्या गाण्यात तीन नकार आहेत: धूम्रपान नाही, दारू नाही आणि मिळेल त्याच्याशी शय्यासोबत नाही. गाताना कर्ता गाळलाय, त्यामुळे ऐकणाऱ्याला 'करू नका' असं बजावल्यासारखं वाटतं. तुम्हाला वाटलं तसंच जेफ नेल्सनलाही वाटलं होतं! ड्रम वाजवणारा, मकायचा शाळेपासूनचा दोस्त, त्याला लोक आपल्याला प्रवचनकार समजतील याचा वैताग होता. १९८३ च्या रेकॉर्डसाठी हे गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित करायला घेतलं तेव्हा त्यावरून दोघांत स्टुडिओतच वाजलं. मकाय आपली बाजू मांडत होता, म्हणजे हे नियम नाहीत, मी कुणाला काही सांगत नाही वगैरे, आणि टेप चालू होती. ते बोलणं गाण्याच्या मध्येच तसंच ठेवून दिलंय, आणि छापील शब्दांत 'मी' कंसात घातलाय. स्वतःच्या बँडमधला आक्षेप स्वतःच्याच गाण्यात ठेवणारा प्रवचनकार माझ्या तरी पाहण्यात नाही.

खात्यापित्या घरच्या पोरांचा मुद्दा मी खोडणार नाही. मकायचे वडील वॉशिंग्टन पोस्टमध्ये धर्मविषयक पत्रकारिता करत. गिटारवाला लाइल प्रेस्लर आणि बासवाला ब्रायन बेकर जॉर्जटाउन डे स्कूल या खाजगी शाळेतले. १९८१ मध्ये बँड रंगात असताना प्रेस्लर नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत शिकायला निघून गेला आणि बँड थांबला. पुढच्या वर्षी तो परत आला, तेव्हा पुन्हा सुरू. ज्याला बँड सोडून युनिव्हर्सिटी आणि युनिव्हर्सिटी सोडून बँड अशा उड्या मारता येतात त्याला पडायला खाली गादी असते, हे उघड आहे.

पण त्या सोयीचं त्यांनी काय केलं तेही बघा. टीन आयडल्स मोडला तेव्हा कार्यक्रमांतून साठवलेले सहाएकशे डॉलर शिल्लक होते. वाटून घेता आले असते. त्यांनी आधीच मोडलेल्या बँडची रेकॉर्ड काढली. सात इंची, आठ गाणी, हजार प्रती, आणि त्यासाठी डिस्कॉर्ड नावाची कंपनी. वेष्टन कसं करायचं माहीत नव्हतं, तेव्हा नेल्सनने एका इंग्लिश रेकॉर्डचं पाकीट चिकटवलेल्या कडांपासून सोडवून सपाट केलं, त्याची बाह्यरेषा कागदावर गिरवून घेतली, आणि त्या मापाने छापून आणलं. मग यारदोस्त बसले कात्री आणि गोंद घेऊन. कापायचं, घडी घालायची, कड चिकटवायची, दाबून धरायचं, पुढचं घ्यायचं. पुढच्या रेकॉर्डांचंही बराच काळ असंच चाललं. त्या पहिल्या वेष्टनावर काय होतं माहितेय? फुल्या मारलेले दोन हात, एकमेकांवर तिरके ठेवलेले. पहिल्या रेकॉर्डचे पैसे सुटले त्यातून दुसऱ्या बँडची निघाली, त्यातून तिसऱ्याची. आपल्याच शहरातले बँड घ्यायचे, लेखी करार करायचा नाही, नफा वाटून घ्यायचा, असा कारभार. अनियतकालिकं ज्यांनी चालवली आहेत त्यांना हे वातावरण बरोबर कळेल. बाप पत्रकार असलेली पोरं ते पैसे उडवून मोकळी झाली असती तरी कुणी काही म्हणणार नव्हतं.

'तीन वर्षंही टिकला नाही' याचं मला काही वाटत नाही. पहिला कार्यक्रम डिसेंबर १९८० चा, शेवटचा २३ सप्टेंबर १९८३ चा, मध्ये खंड. शेवटी शेवटी बाकीच्यांचा ओढा यूटू बँडसारख्या मोठ्या, गोड आवाजाकडे होता, मकायला ते नको होतं. मोडला. २६ गाणी सलग ऐकलीत तर पाऊण तासात संपतात, आणि त्यात भरतीचं फार थोडं आहे. वीस वर्षं टिकून तेवढं न देणारे बँड मी मोजून दाखवू शकतो, पण भांडणं वाढतील.

'गिल्टी ऑफ बीइंग व्हाइट'वर मात्र बोलू. वॉशिंग्टन तेव्हा शंभरात सत्तर काळ्यांचं शहर होतं. मकाय आणि नेल्सन विल्सन हायस्कूल या सरकारी शाळेतले, तिथे गोरी मुलं अल्पसंख्य. गोरा म्हणून त्रास दिला जाई, असं मकाय सांगतो. त्यावरचं हे गाणं म्हणतं, की मी जन्मायच्या शंभर वर्षं आधीच्या पापाचं मला का भरायला लावता? वंशद्वेषाविरुद्धच आपण हे लिहिलं, असं तो आजवर म्हणत आला आहे. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. गाणं मात्र मला तोकडं वाटतं. त्याला शाळेचा व्हरांडा दिसतो, त्या व्हरांड्याबाहेरचं शहर कुणाच्या ताब्यात आहे ते दिसत नाही. हा सूर आपल्याला काही परका नाही. आरक्षणाचा विषय निघाला की 'पणजोबांनी केलं, आम्ही काय पाप केलं' हे वाक्य कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सापडेल. बोलणाऱ्याला ते मनापासून वाटत असतं, आणि तरीही ते अर्धंच असतं. १९९६ मध्ये स्लेयर या मेटल बँडने हे गाणं गायलं आणि शेवटी 'व्हाइट'च्या जागी 'राइट' केलं. मकाय संतापला. पण गाण्यात जागा होती म्हणून तर ती फट कुणाला सापडली.

तेवढ्यावरून बँडला गोऱ्यांच्या कंपूत ढकलणंही बरोबर नाही. या पोरांना एवढ्या वेगाने वाजवता येतं हे दाखवून दिलं ते बॅड ब्रेन्सने, म्हणजे वॉशिंग्टनच्याच चार काळ्या वादकांनी. मायनर थ्रेटच्या शेवटच्या कार्यक्रमात त्यांच्याबरोबर ट्रबल फंक हा बँड होता, गो-गो वाजवणारा. गो-गो हे त्या शहराचं खास काळं नाचाचं संगीत, तासन्‌तास न थांबता चालणारं. एकाच गावात नांदणारे दोन ताल एका तिकिटात ऐकवायचे, ही कल्पना मला त्या गाण्यापेक्षा जास्त बोलकी वाटते.

राहिली टोळकी. ती होती. बॉस्टनमध्ये एसएसडी हा बँड आणि त्यांच्याभोवतीच्या मंडळींनी हा प्रकार पहिल्यांदा अंगावर येईल असा केला. वॉशिंग्टनच्या पोरांना आत शिरायचं होतं, बॉस्टनवाल्यांना दुसऱ्याला बाहेर काढण्यात रस दिसतो. पुढे १९९० च्या दशकात अर्थ क्रायसिससारख्या बँडांनी त्यात व्हीगनपणाची (प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाण्याची) लढाऊ भर घातली, आणि सॉल्ट लेक सिटीत तर पोलिसांनी स्ट्रेट एजवाल्यांकडे गुन्हेगारी टोळी म्हणून बघायला सुरुवात केली. या साऱ्याचं बीज एका पाऊण मिनिटाच्या गाण्यात होतं असं म्हणणं म्हणजे फारच लांबचा खटला भरणं झालं.

आणि आता तुमच्या माळेकडे वळतो, कारण ती खरोखरच येते, फक्त वेगळ्या ठिकाणी. न्यूयॉर्कचा यूथ ऑफ टुडे हा बँड १९८५ पासूनचा. त्यांनी स्ट्रेट एजला शाकाहार जोडला. त्यांचा गायक रे कॅपो पुढे भारतात आला, वृंदावनात राहिला, हरे कृष्ण पंथात गेला, आणि शेल्टर नावाचा बँड काढून कृष्णभक्तीची हार्डकोर गाणी गाऊ लागला. त्याच वळणाच्या आणखी एका बँडचं नाव १०८, म्हणजे जपमाळेतल्या मण्यांचा आकडा. या मंडळींच्या गळ्यात तुळशीची कंठी होती, अगदी आपल्या माळकऱ्यांसारखी. इथे व्रत आहे, गुरू आहे, नियम आहेत, आणि मोडला तर 'भ्रष्ट झाला' म्हणणारी बिरादरीही आहे. तुमची टीका यांच्यावर केलीत तर मी आडवा येणार नाही. मायनर थ्रेटवर ती बसत नाही, एवढंच माझं म्हणणं.

टी-शर्टचं काय विचारता! २००५ मध्ये नाइकीने मायनर थ्रेटच्या पहिल्या रेकॉर्डचं मुखपृष्ठ उचललं. पायऱ्यांवर मान खाली घालून बसलेला मुलगा, तो मकायचा धाकटा भाऊ अ‍ॅलेक. त्याचीच नक्कल करून स्केटबोर्डच्या दौऱ्याचं पोस्टर 'मेजर थ्रेट' म्हणून छापलं. बोंबाबोंब झाली, नाइकीने माफी मागितली. इथवर गोष्ट आपल्या बाजूने आहे. पण २०१३ मध्ये अर्बन आउटफिटर्सच्या कपड्यांच्या दुकानांत मायनर थ्रेटचे टी-शर्ट २८ डॉलरला लागले, आणि ते चोरीचे नव्हते, रीतसर परवान्याचे होते. नकली माल विकणाऱ्यांच्या मागे धावून कंटाळलो, म्हणून ते काम एका कंपनीकडे सोपवलं, असं मकायचं उत्तर होतं. किंमत त्यालाही वेडगळ वाटली होती म्हणे. तेव्हा तुमचा तो टोला बसला. गाणी मात्र २८ डॉलरला नाहीत, एवढं लक्षात असू द्या. आणि ऐकायची झालीच तर १९८१ च्या पहिल्या आठ गाण्यांपासून सुरू करा, १९८५ मध्ये मागाहून आलेल्या 'सॅलड डेज' या रेकॉर्डपासून नको.