पेपर कशाला वाचायचा, डोनट बघा की

काय डॉक्टरसाहेब, अजून सायटेशनचीच, म्हणजे दुसऱ्यांनी त्यांच्या पेपरात तुमच्या पेपरचा संदर्भ देण्याचीच वाट बघताय? दोन वर्षं खपून संशोधनाचा पेपर लिहायचा, छापण्याआधी तो तपासणाऱ्या रिव्ह्यूअर नंबर दोनचे टोमणे ऐकायचे आणि मग कुणीतरी कधीतरी सायट करेल म्हणून देव पाण्यात घालून बसायचं. सोडा हो, डोनट रंगवा. पेपरची बातम्या, ब्लॉग, सोशल मीडियावर किती चर्चा झाली ते मोजणाऱ्या अल्टमेट्रिकचा तो रंगीत गोल, मधे आकडा असतो बघा, तोच. हिशोब एकदम सोप्पाय, बातमी आली की ८ मार्क, ब्लॉगवर आलं की ५, फेसबुकच्या पोस्टला मात्र पाव मार्कच. व्हॉट्सॲपचे फॉरवर्ड तर मोजतच नाहीत, म्हणजे फॅमिली ग्रुपवर टाकून काडीचा उपयोग नाही, पत्रकार मित्र शोधा.

विषय निवडताना डोकं वापरा. २०१५ मधे पत्रकार जॉन बोहॅनननी मुद्दाम भंगार अभ्यास केला, १५ माणसं आणि १८ मोजमापं, त्यातलं काहीतरी जुळणारच ना, आणि निष्कर्ष काय तर चॉकलेटने वजन लवकर उतरतं. जर्मनीच्या बिल्ड या वृत्तपत्राने पहिल्या पानावर छापलं! तुम्ही बसा किण्वनाचे आलेख काढत.

चुकीचं असलं तरी घाबरू नका, उलट बरंच. कोविडच्या सुरुवातीला दिल्लीतल्या ग्रुपचा एक प्रीप्रिंट, म्हणजे तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर आला होता, विषाणूत एचआयव्हीसारखे तुकडे सापडले म्हणून, ३१ जानेवारी २०२० ला टाकला आणि २ फेब्रुवारीला मागे घेतला. पण त्या दोन दिवसांत जगभरचे शास्त्रज्ञ चुका दाखवायला तुटून पडले आणि स्कोअर गेला की हो आभाळात! शिवी आणि शाबासकी डोनटला सारखीच.

आता कुणी म्हणेल सायटेशन तरी बरं. कसलं सोवळं घेऊन बसलात, एमएमआर लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा वेकफिल्डचा १९९८ चा पेपर लॅन्सेट या जर्नलने २०१० मधे रद्द केला, पण त्याला झोडपायला सायट केलं तरी आकडा वाढतोच. म्हणून तर दोन्ही एकत्र वापरा म्हणतात, एक डोळा अधू, दुसराही अधू, दोन मिळून नजर साफ!

नील हॉल नावाच्या शास्त्रज्ञाने २०१४ मधे कार्दाशियन इंडेक्स काढला, ट्विटरवर फॉलोअर किती आणि सायटेशनच्या मानाने किती असायला हवेत याचा भागाकार, ५ च्या वर गेलात की तुम्ही सायन्सचे कार्दाशियन, त्या टीव्हीवरच्या किम कार्दाशियनसारखं कामापेक्षा नावच मोठं. त्यांनी गंमत केली होती, आपण बायोडेटात लावू.

आणि हो, भांडण काढाल तेव्हा पोस्टमधे पेपरची लिंक टाकायला विसरू नका, नाहीतर शिव्याही खाल आणि मार्कही नाही मिळणार.