वर्षभरात ‘आपोआप’ निघून जाणाऱ्या भुवया

आमच्या जाऊबाईंनी काल फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली लिहिलं, ‘मी दोन हजार भरून आले, शनिवारी जातेय.’ हाच मजकूर याआधी दोन ग्रुपांवर वाचून मी सोडून दिला होता. आता घरातल्याच माणसाच्या कपाळाला सुई लागणार, मग गप्प कशी बसू?

फॉरवर्ड म्हणतो: मायक्रोब्लेडिंग, म्हणजे भुवयांत हाताने बारीक रेघा ओढून रंग भरणं, टॅटू नव्हे, रंग फक्त वरच्या थरात राहतो आणि वर्षात पूर्ण निघून जातो. मशीनने करतात ते पावडर ब्रो म्हणजे खरा टॅटू, तो टाळा. कुठल्याही त्वचेला चालतं. रंग हर्बल असतो. नाहीच आवडलं तर लेझरने एका बैठकीत साफ.

पहिलंच घ्या. कातडीचा वरचा थर महिना-दीड महिन्यात झडून नवा येतो. रंग तेवढ्यातच राहिला असता तर पुढच्या महिन्यात भुवया कोऱ्या झाल्या असत्या. वर्षभर टिकतो याचाच अर्थ तो खालच्या थरात गेलाय. मायक्रोब्लेडिंगच्या पेनाला टोकाशी बारीक सुयांची ओळ असते. तिने केसासारख्या चिरा पाडून त्यात रंग भरतात. पावडर ब्रोमध्ये मशीनची सुई ठिपके टोचते. माझ्या आजीने दोन्हींना गोंदणच म्हटलं असतं. तिच्या कपाळावरचं गोंदण काजळीचं, पण मला आठवतं ते हिरवट-निळंच, कारण कातडीखालचा काळा रंग तसाच दिसतो. पार्लरमधला काळा रंगही पुढे राखाडी-निळा पडू शकतो आणि आयर्न ऑक्साइडचा, म्हणजे लोखंडाच्या गंजासारख्या रंगद्रव्याचा, तपकिरी रंग विटकरी. माझ्या ऑफिसातल्या एकीच्या भुवया चार वर्षांनी अशाच विटकरी झाल्यात. रोज सकाळी ती त्यावर पेन्सिल फिरवते. पेन्सिल सुटावी म्हणूनच तर केलं होतं!

फिकट होतो, हे मान्य. वर्ष-दोन वर्षांत पुन्हा भरावाही लागतो. आणि कोरड्या त्वचेवर हाताने काढलेल्या रेघा सुरुवातीला खऱ्या केसांसारख्या दिसतात, हेही नाइलाजाने कबूल करते.

पण जाऊबाईंची त्वचा कोरडी नाही. दुपारी बारापर्यंत त्यांची टिकली घसरून नाकाकडे आलेली असते. अशा तेलकट त्वचेवर रेघा फुटतात, एकमेकींत मिसळतात आणि शेवटी एक मळकट पट्टा उरतो. तिथे मशीनचं शेडिंग, म्हणजे तेच पावडर ब्रो, जास्त बरं टिकतं, म्हणजे फॉरवर्डच्या बरोब्बर उलट. केलॉइड, म्हणजे जखमेवर जाड वाढलेला वण, उठणारे, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे आणि गरोदर बायका यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये.

‘हर्बल’बद्दल एवढंच: अमेरिकेत अन्न-औषधांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने सौंदर्यासाठी कातडीत टोचायच्या एकाही रंगद्रव्याला मंजुरी दिलेली नाही. २००३-०४ मध्ये तिथे परमनंट मेकअपच्या, म्हणजे असा कातडीत टोचायच्या रंगांच्या, एकाच ब्रँडच्या काही छटांबद्दल दीडशेहून जास्त तक्रारी आल्या होत्या. बाटलीवर पान छापलं म्हणून आतला रंग झाडाचा होत नाही.

आणि लेझर! हे वाचून तर मी फोन आपटणार होते. भुवयांच्या रंगात आयर्न ऑक्साइड असतो, कधी टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा रंगही. लेझर पडताच असा रंग फिकट होण्याऐवजी तिथल्या तिथे काळा पडू शकतो. मग तो काळा घालवायला आणखी बैठका, त्याही काही आठवड्यांच्या अंतराने. त्यात भुवयांचे खरे केसही तात्पुरते पांढरे पडू शकतात. ‘एका बैठकीत साफ’ लिहिणाऱ्याने स्वतःच्या कपाळावर करून दाखवावं.

वहिनी, जायचंच असेल तर पार्लरवालीकडे केल्या दिवशीचे फोटो बघू नका, त्या दिवशी सगळ्यांच्याच भुवया झकास दिसतात. तेलकट चेहऱ्याच्या बाईचा वर्षानंतरचा फोटो मागा. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. आधी पॅच टेस्ट करून घ्या आणि शनिवार पुढे ढकला. दोन हजार बुडालेच, तर मी देते.