६.४ हा आकडा चांगला होता का?

सप्रेम नमस्कार.

‘एकूण प्रथिने ५.२ ग्रॅमच्या वर असली, तर वासराला चीक पोहोचला असे समजावे’, हे वासरांच्या रक्ततपासणीवरील माझ्या लेखातील वाक्य. आपल्या चार दिवसांच्या कालवडीचा आकडा ६.४ आला, आपण निर्धास्त झालात आणि दुसऱ्या दिवशी ती हगवणीने गेली. तेव्हा असले आकडे लिहून पशुपालकांची दिशाभूल करू नये, असे आपले म्हणणे आहे. आपला राग रास्त आहे. ५.२ ही मर्यादा चुकीची नाही, पण ती कोणत्या वासराला लावायची हे मी लिहिले नाही, आणि तेच महत्त्वाचे होते.

शंभर मिलिलिटर रक्तजलात (रक्तातल्या पेशी वगळून उरणाऱ्या द्रवात) किती ग्रॅम प्रथिने आहेत, एवढेच ही तपासणी सांगते. वासराच्या अंगात एकूण किती आहेत, हे ती सांगत नाही. आमटी आटली की खारट लागते, पण म्हणून मीठ कोणी जास्त घातलेले नसते. हगवणीत अंगातले पाणी जाते, प्रथिने बहुतांशी मागे राहतात आणि आकडा फुगतो. डोळे खोल गेले होते आणि मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तरी तशीच उभी राहत होती, असे आपणच लिहिले आहे. अशा वासराच्या रक्तजलाचे पाणी चौथ्या हिश्शाने आटले असे धरले, तर मूळचे ४.८ असलेले प्रमाण कागदावर ६.४ दिसते.

हा चौथा हिस्सा माझा अंदाज आहे, पण तो हवेतला नाही. आपण अहवालाचा फोटो जोडलात हे फार बरे केले, कारण त्यात अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनांचा एक मुख्य प्रकार) ३.७ आहे. नवजात वासराचे अल्ब्युमिन सहसा ३ च्या खाली असते आणि ते वाढवणारा आजार जवळपास नाहीच. ते चढलेले दिसले, की पहिला संशय पाणी आटल्याचाच घ्यावा. ३.७ मधून तो चौथा हिस्सा वजा केला, तर २.८ उरते, जे त्या वयाला शोभते. ग्लोब्युलिन या दुसऱ्या प्रथिनगटाचे २.७ त्याच हिशेबाने २.० वर येते. चिकातून मिळणारी प्रतिकारद्रव्ये याच ग्लोब्युलिनमध्ये मोडतात, आणि २.० म्हणजे चीक न मिळालेल्या वासराच्या जवळपासचा आकडा. म्हणजे ज्या अहवालाने आपल्याला धीर दिला, त्याच्याच दुसऱ्या ओळीत धोक्याची सूचना होती. सोबत पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचा हिस्सा; पाणी आटले की तोही चढतो) पाहिला असता, तर शंका आणखी लवकर आली असती.

अहवालावर छापलेली ६.० ते ८.३ ही मर्यादा प्रौढ माणसांची आहे. माणसांच्या लॅबमध्ये नमुना दिला की असे होते, आणि ‘नॉर्मल’ हा शब्द वासराला उगीचच चिकटतो.

‘मग तपासणीवर पैसे घालवायचेच कशाला?’ या प्रश्नाशी मी निम्मा सहमत आहे. हगवण लागलेल्या वासराला आधी पाणी आणि क्षार द्यावेत; चीक पोहोचला की नाही, हे त्या दिवशी कळून फारसा उपयोग नसतो, कारण आतड्यातून प्रतिकारद्रव्ये शोषली जाण्याचे दार जन्मानंतर साधारण २४ तासांत बंद झालेले असते. तपासणी करायची ती दुसऱ्या दिवसापासून आठवडाभरात, आणि तीही हिंडत्या, तरतरीत वासरांची. एकाची नव्हे, गोठ्यातल्या अनेकांची. तिचा खरा उपयोग आपली चीक पाजण्याची पद्धत जोखण्यासाठी आहे: ३० किलोच्या वासराला पहिल्या दोन-चार तासांत ३ लिटर चीक जातो, की वार पडण्याची वाट पाहत ते तोवर उपाशी ठेवले जाते? (ही वाट पाहण्याची रीत मी अजूनही पाहतो, आणि तिचे कारण मला कोणी पटेल असे सांगितलेले नाही.) एवढे मात्र खरे, की प्रथिने भरपूर असलेले वासरूही घाणेरड्या जागेत हगवणीने जाऊ शकते.

एक गोष्ट आपण कळवावी. रक्त काढण्याआधी सलाइन लावले होते का? लावले असेल, तर रक्त त्यामुळे पातळ झालेले असणार आणि माझा वरचा हिशेब बदलेल. लेखातील ते वाक्य मी आज दुरुस्त केले असून त्यात ‘हगवण नसलेल्या, २४ तास ते ७ दिवस वयाच्या वासरात’ हे शब्द घातले आहेत.