डिस्चार्ज मिळाला म्हणजे सुटलो?

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज महिनाभर फिरतोय. त्यात म्हटलंय : सीओपीडीचा (श्वासनळ्या आणि फुप्फुसं कायमची बिघडून दम लागण्याच्या रोगाचा) पेशंट दवाखान्यातून घरी आला की धोका टळला, औषध ओढायच्या पंपाची (इनहेलरची) सवय लागायच्या आत तो बंद करा, पेशंटला पूर्ण विश्रांती द्या, ऑक्सिजन मशीन आणून भरपूर ऑक्सिजन द्या, आणि हा रोग विडी-सिगारेटवाल्यांनाच होतो. आमच्या आत्याला गेल्या वर्षी याच दुखण्याने अ‍ॅडमिट केलं होतं, म्हणून लिहितोय.

‘धोका टळला’ हे तर उलटंच आहे. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात सीओपीडीसाठी पहिल्यांदा अ‍ॅडमिट झालेल्या ७३ हजारांवर रुग्णांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. रुग्ण बहुतेक वयस्कर होते हे खरं, पण साडेतीन वर्षांच्या आसपास त्यातले निम्मे गेले होते. पुन्हा अ‍ॅडमिट व्हायची भीती सर्वांत जास्त पहिल्या तीन महिन्यांत. अमेरिकेत तर साधारण पाचातला एक ज्येष्ठ रुग्ण महिन्याभरातच परत येतो.

आता पंप. एका फवाऱ्यात सालब्युटामॉल हे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध असतं १०० मायक्रोग्रॅम. त्याच औषधाची ४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे चाळीस फवारे! लोक गोळी बिनधास्त घेतात आणि पंपाला घाबरतात. पंपाचं व्यसन लागत नाही; तो सोडला की दम वाढतो, कारण रोग तिथेच असतो. घाबरायचंच तर जुन्या चिठ्ठीवर मनाने चालू ठेवलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांना घाबरा. दम एकदम वाढण्याच्या झटक्यानंतर या गोळ्यांचा पाच दिवसांचा कोर्स चौदा दिवसांच्या तोडीस तोड ठरतो, हे स्वित्झर्लंडमधल्या चाचणीत २०१३ सालीच दिसलंय.

खरी गोची वेगळीच असते. आत्या मशीनमध्ये घालून ओढायची पावडरची कॅप्सूल आठवडाभर पाण्याबरोबर गिळत होती. फाइलवर ‘दिवसातून दोनदा’ लिहिलेलं, कसं घ्यायचं ते कुणी करून दाखवलं नव्हतं. आम्हीही विचारलं नाही.

पूर्ण विश्रांतीने मांड्यांचे स्नायू झडतात, मग संडासापर्यंत जातानाही धाप लागते. अमेरिकेतल्या जवळजवळ दोन लाख रुग्णांच्या २०२० मधल्या अभ्यासात, डिस्चार्जनंतर ९० दिवसांच्या आत फुप्फुसांचा व्यायामोपचार सुरू केलेल्यांपैकी वर्षभरात ७.३ टक्के गेले, बाकीच्यांपैकी १९.६ टक्के. मुळात धडधाकट असलेलेच व्यायामाला गेले असतील, ही शंका रास्त आहे. सगळं श्रेय व्यायामाला मीही देणार नाही. पण वेळेत सुरुवात करणारे होतेच जेमतेम दीड टक्का.

ऑक्सिजनही औषधच, मापानेच द्यायचं. झटक्याच्या वेळी या रुग्णांत सॅच्युरेशन, म्हणजे बोटाला लावायच्या यंत्रावर दिसणारं रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८८ ते ९२ टक्के एवढं राखतात. ९९ दिसावं म्हणून नॉब फिरवला तर काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो आणि घरच्यांना वाटतं, शांत झोप लागली. बसल्या जागीही ऑक्सिजन फार कमी राहत असेल, तर डॉक्टर रोज १५ तास किंवा जास्त लावायला सांगतात. थोडाच कमी असणाऱ्यांना घरच्या मशीनचा फायदा २०१६ च्या मोठ्या चाचणीत दिसला नाही.

आणि विडी-सिगारेट? आत्याने विडीला कधी हातही लावला नाही. चाळीस वर्षं चुलीपुढे फुंकणी मात्र तिच्याच हातात. घरात गॅस आला तरी परसातला बंब रोज पेटायचा आणि लाकडं सारायला जायची तीच. आता तो बंद आहे. गिझरच्या पाण्याने अंग शेकत नाही, ही तिची कुरकुर रोज सकाळी ऐकतो.